कुठं गेलतीस?

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या खोऱ्यातल्या डोंगरांत माहूर आहे. नवरात्रात मराठवाडा, विदर्भ आणि तेलंगणातून माणसं तिथं लोटतात. गाभाऱ्यात रेणुकामातेचं फक्त शेंदरी मुख आहे, खाली धड नाही. बाहेर दगडी खलात विडा कुटण्याचा ठकठक आवाज चालू असतो, कारण इथला प्रसाद म्हणजे कुटलेला तांबूल. साडेतीन शक्तिपीठांतलं हे एक पूर्ण पीठ. देवीचं मुखच का, असं विचारलं की डोंगर चढणारी कुठलीही म्हातारी गोष्ट सांगायला बसते.

रेणुका ही जमदग्नी ऋषींची बायको. रोज नदीवर जायची, तिथल्या तिथं कच्च्या मातीची घागर घडवायची आणि तीत पाणी भरून आणायची. तिच्या पातिव्रत्याच्या जोरावर न भाजलेली घागर विरघळत नसे. एके दिवशी नदीत चित्ररथ राजा आपल्या बायकांसोबत जलक्रीडा करताना तिला दिसला. मन क्षणभर हललं आणि घागर हातातल्या हातात विरघळली. रिकाम्या हातानं, उशिरा घरी आलेल्या बायकोकडे बघून जमदग्नींना सगळं कळलं. त्यांनी मुलांना आईचं मस्तक उडवायला सांगितलं. चौघांनी नकार दिला, पाचव्यानं, परशुरामानं, परशू चालवला. घागरीचा भाग लोककथेतला, पण बाकीचा सांगाडा महाभारताच्या वनपर्वात आहे. तिथं खूश झालेल्या बापाकडून परशुराम वर मागतो: आई पुन्हा जिवंत व्हावी आणि आपला वध झाल्याचं तिला आठवू नये.

त्या वराचा दुसरा अर्धा भाग नीट वाचायला हवा. शिक्षा झाली, ती मागे घेतली आणि जिला झाली तिच्या डोक्यातून तिची आठवणही काढून टाकली. म्हणजे संसार पुन्हा सुरू झाला तेव्हा काय घडलं होतं हे तिच्याखेरीज घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि ती घागर? पाणी आणायचं भांडं बाईच्या मनाची बातमी नवऱ्याला पोचवत होतं. शेजारच्याच शिखरावर अत्रींची पत्नी अनसूया आहे. तिच्या सत्त्वाची परीक्षा घ्यायला तर तीन देव भिक्षेकरी होऊन दारात आले होते. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली आलेल्या ‘लज्जागौरी’त रेणुका-यल्लम्मेचा माग ऋषिपत्नीच्या कितीतरी मागे, आदिम मातृदेवतेपर्यंत नेला. पण माहूरच्या पायऱ्यांवर सांगितली जाते ती पाळत ठेवलेल्या बायकोची गोष्ट.

बायको कुठं आहे, कुणाशी बोलते, किती वेळ बोलते, हे जाणून घेण्याचा हक्क सासरचा, ही रीत नांदेड-लातूरकडे कायद्यापेक्षा, विजेपेक्षा आणि रेल्वेपेक्षाही जुनी आहे. तिचा इतिहास कुठल्या सरकारी दप्तरात सलग सापडत नाही. तो भांड्यांत, यंत्रांत आणि बायकांच्या तोंडी राहिला आहे. नवी वस्तू घरात आली की ती आधी कुणाच्या हातात गेली आणि बाईनं तिच्यातून स्वतःपुरती वाट कशी काढली, हे बघत गेलं की हा इतिहास हाती लागतो.

सुरुवात पाणवठ्यापासूनच करावी लागते. नळ येण्याआधी मराठवाड्यातल्या गावात सुनेला घराबाहेर पडायला विनापरवानगी कारण एकच होतं, पाणी. आडावर, विहिरीवर, नदीच्या झऱ्यावर बायका जमायच्या. कुणाला मार बसला, कुणाच्या माहेरचं कोण बाजाराला आलं होतं, कुणाला दिवस गेलेत, हे तिथं कळायचं. दुसऱ्या गावात दिलेल्या लेकीचा निरोप पाणवठ्यावरून पाणवठ्यावर जायचा. सासवांनाही हे ठाऊक होतं, कारण त्याही कधीतरी तिथं उभ्या राहिल्या होत्या. म्हणून खेपांचा हिशेब असायचा. एका खेपेला किती वेळ लागतो हे घरात ठरलेलं, आणि त्याहून उशीर झाला की उंबऱ्यातच प्रश्न यायचा, ‘कुठं गेलतीस?’

पाणवठा सगळ्यांना सारखा मोकळा मात्र कधीच नव्हता. दलित बाईला सवर्णांच्या विहिरीच्या कठड्याला हात लावायची मुभा नव्हती. कुणीतरी वरून पाणी वाढेल याची वाट बघत तिला लांब उभं राहावं लागे. दुसऱ्या टोकाला निजामी राज्यातल्या देशमुखी वाड्यांत गोषा पाळला जाई. तिथल्या बायकांचं पाणी दुसऱ्याच बाया आणत आणि वाड्यातल्या बाईचं आभाळ चौकाएवढंच राही. कष्टकरी घरातली बाई राबत होती पण बाहेर दिसत होती. वाड्यातली सुरक्षित होती आणि कुणालाच दिसत नव्हती. दोघींवर पहारा होता, फक्त त्याची तऱ्हा वेगळी.

१९७२च्या दुष्काळानं हे चित्र हलवलं. आड आटले, विहिरींचे तळ दिसले. कूपनलिका खणणारी यंत्रं खेड्यांत आली आणि मागून हापसा आला. हापशाच्या इतिहासात मराठवाड्याचं नाव मानाचं आहे. जालन्यातल्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनमध्ये खेड्यांच्या वापरासाठी दणकट हातपंप बनवला गेला. त्या ‘जालना पंपा’तून पुढं ‘सोलापूर पंप’ झाला, आणि त्याच्या आधारावर सत्तरच्या दशकात युनिसेफच्या पुढाकारानं ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. जगातल्या कितीतरी गरीब देशांत आज तोच पंप चालतो. बायकांच्या खांद्याचा आणि पाठीचा भार त्यानं खरोखर हलका केला. पण हापसा गल्लीच्या तोंडाशी, घराच्या नजरेत होता. पाणवठ्याची वाट मात्र गावाबाहेरून जायची.

त्याच दुष्काळात आणखी एक गोष्ट झाली. खडी फोडायला, पाझर तलाव खणायला लाखो बायका सरकारी कामावर गेल्या. पुढं रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९पासून लागू झाला. कामावर हजेरीपटात बाईचं स्वतंत्र नाव लागलं, तिच्या कामाची मजुरी तिच्या नावावर निघाली. शेतातल्या राबण्याला कधीच असा कागद नव्हता. त्या मजुरीतलं किती तिच्या कनवटीला राहिलं हा वेगळा प्रश्न. लातूरच्या अहमदपूर-जळकोट भागातून किंवा नांदेडच्या कंधार-मुखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांत आजही नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, आणि उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हाती पडते.

पाण्यानंतर जातं. मराठवाड्याची भाकरी ज्वारीची, आणि ज्वारीचं पीठ चार दिवसांवर शिळं होतं, म्हणून दळण रोजचं. पहाटे तीन-चारला उठून बाई जात्यावर बसायची. घर झोपलेलं असायचं. खुंट्याला हात, पाळीत मुठीमुठीनं ज्वारी आणि घरघरीवर ओवी. जात्याचा आवाज चालू आहे तोवर सून काम करते आहे याची घराला खात्री असायची, आणि त्या आवाजाखाली ती काय म्हणते याकडे कुणी कान देत नसे. दिवसभरात दुसरी अशी जागा तिला नव्हती.

हे किती मोठं होतं ते हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅ यांच्या कामातून कळलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. पुढं बर्नार बेल यांच्या साथीनं त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या. नव्वदच्या दशकात बीड जिल्ह्यातल्या माजलगावात दलित बायकांनी गायलेल्या, डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. २०१७पासून हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहावर ऐकता येतो. भाऊ, माहेर, पंढरी, लेकरं हे विषय आहेतच. पण दूर दिलेल्या लेकीची तगमग, सासूची नजर, नवऱ्याचा हात, बाईच्या जन्माचा वैताग, हेही तिथं स्पष्ट शब्दांत आहे. जे उंबऱ्यात उभं राहून बोलणं शक्य नव्हतं, ते जात्यावर गाऊन झालं. गोदावरीकाठच्या गंगाखेडची जनाबाई दळताना विठ्ठलाला हाक मारते आणि तो येऊन जातं ओढतो, ही कथा सातशे वर्षं बायकांना इतकी जवळची का वाटली, हे या ओव्या ऐकल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

मग गिरणी आली. आधी डिझेलच्या इंजिनावरची, मग १९६०मध्ये स्थापन झालेल्या वीज मंडळाच्या तारा खेड्यांत पोचल्या तशी विजेवरची. डबा गिरणीत ठेवला की अर्ध्या तासात पीठ. गिरणीनं ओवी मारली अशी हळहळ अभ्यासकांच्या लिखाणात खूप सापडते. ज्यांनी जातं ओढलं त्या म्हाताऱ्या बायका मात्र गिरणीला दुवा देतात. त्यांचं म्हणणंच ग्राह्य धरायला हवं, कारण हाताला घट्टे त्यांच्या पडले होते. तरी एक गोष्ट खरी आहे. गिरणीनं पहाटेचे दोन तास बाईला परत दिले, पण ते तिच्या नावावर जमा झाले नाहीत. ते दुसऱ्या कामात गेले. आणि कुणी न ऐकणारी ती जागाही गेली.

पत्रांचं थोडक्यात. पोस्टकार्ड आणि आंतरदेशीय पत्र घरोघर आलं तेव्हा बहुतेक बायकांना वाचता येत नव्हतं. पत्र कुणाकडून तरी लिहून घ्यायचं, आणि पोचलं की कुणीतरी ते ओसरीवर मोठ्यानं वाचायचं. अशा पत्रात ‘इकडील सर्व क्षेम’ याशिवाय काय लिहिणार? आणि तार म्हणजे तर मयताचीच खबर.

कायद्याच्या घरात काय चाललं होतं ते बघायला थोडं मागं जावं लागतं. रखमाबाईंचा खटला मुंबईचा, नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या मुलखात, पण मराठी बाईच्या नांदण्याचा प्रश्न पहिल्यांदा सगळ्या देशासमोर त्याच खटल्यानं आणला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजींच्या घरी जायला नकार दिला. १८८४ साली दादाजींनी दावा लावला. १८८५मध्ये न्या. पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढं सुरत, राजकोटला बायकांचे दवाखाने चालवले. नांदायला न जाणाऱ्या बाईला कैदेत टाकायची तरतूद १९२३मध्ये कायद्यातून गेली.

दावा मात्र गेला नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ म्हणजे तोच दावा. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्या. पी. ए. चौधरी यांनी १९८३मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं आणि बाईच्या देहावरच्या तिच्या हक्काबद्दल फार धाडसानं लिहिलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्या एका खटल्यात कलम कायम केलं. आज लातूर किंवा नांदेडच्या कोर्टाबाहेर टंकलेखकांच्या टेबलांवर ‘नांदायला येण्याची नोटीस’ हा शब्दप्रयोग इतका सवयीचा आहे की त्याच्यामागे रखमाबाई आहेत याची कुणाला आठवणही नसते.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चारच्या सुमारास, किल्लारीच्या भूकंपात औसा-उमरगा भागातली गावं मातीत गेली. गणपती विसर्जनाची रात्र होती. हजारो माणसं दगडमातीच्या माळवदांखाली मेली. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची पक्की घरं, रुंद रस्ते, सरळ रांगा. जुन्या गावात घराला घर लागून होतं, परसातून परसात जाता यायचं. नव्या वसाहतीत शेजारीण रस्त्यापलीकडे गेली आणि तिच्याकडे जायचं तर साऱ्या आळीसमोरून जावं लागू लागलं. घर बळकट झालं आणि बाई एकटी पडली, असं त्या वसाहतींबद्दल पुन्हा पुन्हा नोंदलं गेलं आहे.

पण त्याच भूकंपानं उलटं उदाहरणही दिलं. ज्या गावांत घरं जागेवरच दुरुस्त करायची होती, तिथं ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेनं गावातल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. सिमेंट-वाळूचं प्रमाण किती, कोपऱ्यात सळई कुठं टाकायची, हप्ता कधी सुटतो, हे त्या शिकल्या. गवंड्याला थांबवून त्या विचारू लागल्या, तहसीलला जाऊ लागल्या, ग्रामसभेत उभ्या राहिल्या. घरातून निघताना सांगायला त्यांच्याकडे एक कारण होतं, आणि ते शासनाच्या कागदावर छापलेलं होतं. लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत ज्या बायका पुढं बचत गटांत आणि शेतीत उतरल्या, त्यांतल्या अनेकींची सुरुवात ही अशी, पडलेल्या भिंतींपासून झाली.

फोन याच काळात आला. १९८४मध्ये ‘सी-डॉट’ स्थापन झालं आणि त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ चौकाचौकांत उभे राहिले. ‘लातूर पॅटर्न’मुळे बारावीच्या गुणांसाठी मराठवाडाभरातून पोरं-पोरी लातूरला येत होती, आणि रात्री उशिरा दर पावपट झाला की बूथवर रांग लागायची. बूथ म्हणजे काचेची कपाटाएवढी खोली, वर पंखा, डोळ्यांसमोर लाल आकड्यांचं मीटर. पैसे सेकंदाला पळत आहेत हे दिसत असताना बोलायचं, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला सगळं ऐकू जातं हे धरून बोलायचं. गावाकडे फोन सरपंचाच्या नाहीतर किराणा दुकानदाराच्या घरी असे. ‘तुमच्या पोरीचा फोन आलाय’ अशी हाक आली की माय पळत जाई, आणि दहा माणसांसमोर लेक सासरी सुखात आहे एवढंच ऐकून परत येई. तरीसुद्धा या यंत्रानं एक मोठं काम केलं. लेकीचा आवाज मायच्या कानात थेट पडला. शब्द ‘बरी आहे’ असे असले तरी आवाज काय सांगतो हे मायला कळत होतं.

देशातला पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. २००३मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि फोन खेड्यात शिरला. मराठवाड्यातल्या बाईच्या हाती तो आधी मिस्ड कॉलच्या रूपानं आला. दोन रिंग म्हणजे पोचले, एक म्हणजे फोन कर. कुणाला न कळता निरोप देण्याची ती नवी रीत होती, आणि एक पैसा लागत नव्हता. २०१६मध्ये स्वस्त इंटरनेट आलं तेव्हा मोबाइलवर चित्रही आलं.

आणि पाळतही. आता ती खेपा मोजत नव्हती, कॉलची यादी बघत होती. रिचार्ज नवरा मारतो म्हणून यादीवर त्याचा हक्क. रात्री फोन उशाशी ठेवायचा नाही. माहेरचा फोन आला की ‘स्पीकरवर टाक’. शेवटचं ऑनलाइन कधी होती, निळ्या खुणा कधी झाल्या, नंबर कुणाच्या नावानं साठवला आहे. कुणी फोनमध्ये जागा दाखवणारं ॲप टाकून ठेवतो, कुणी घराच्या आत कॅमेरा लावतो. उंबऱ्यातला प्रश्न बदलून ‘कुणाला बोलूलालीस?’ झाला. याचा परिणाम लग्नाआधीच सुरू होतो. पोरगी मोबाइलवर बोलताना दिसली एवढ्यावर तिची शाळा सोडवून सोयरीक जमवली जाते. नांदेड आणि लातूर दोन्हींना लागून असलेल्या परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत आढळलं. राज्याची सरासरी २१.९ टक्के होती. त्याच फेरीत, स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या बायका देशात निम्म्यांहून थोड्याच जास्त निघाल्या.

या सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत २००५-०६पासून एक भाग आहे, तो मुळातून वाचण्यासारखा आहे. नवरा परपुरुषाशी बोललं की चिडतो का, बदफैलीचा आळ घेतो का, मैत्रिणींना भेटू देतो का, माहेरशी संबंध कमी करायला बघतो का, सतत कुठं आहेस हे विचारतो का, पैशाच्या बाबतीत विश्वास ठेवतो का, असे सहा प्रश्न बाईला एकांतात विचारले जातात. हजारो वर्षं जो ‘संसार’ म्हणून चालला, त्याला सरकारी कागदावर ‘नियंत्रण’ असं नाव लागायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

अमेरिकेत २०२१मध्ये ‘मेड फॉर लव्ह’ नावाची दूरचित्रवाणी मालिका आली. ॲलिसा नटिंग यांच्या २०१७च्या कादंबरीवर बेतलेली, विज्ञानकथेच्या अंगानं जाणारी काळी विनोदिका. बायरन गोगोल हा तंत्रज्ञानातला अब्जाधीश आपल्या बायकोला, हेझलला, ‘हब’ नावाच्या चकाचक वसाहतीत दहा वर्षं ठेवतो. बाहेर जायची सोय नाही. मग तिच्या डोक्यात चिप बसवतो, ती जे बघते ते त्याला पडद्यावर दिसतं, तिला जे वाटतं त्याचा आलेख निघतो. दोन हंगामांनंतर, २०२२मध्ये, मालिका बंद झाली. वाळवंटातल्या त्या वसाहतीचं आणि मराठवाड्याचं काय नातं, असं कुणालाही वाटेल. पण त्या घरातून निसटल्यावर हेझल पहिल्यांदा कुठं जाते? बापाच्या दारात. एका गरीब वस्तीतल्या, एकट्या राहणाऱ्या बापाकडे. आपल्याकडच्या भाषेत ती माहेरी निघून आली. आणि बायकोच्या मनात क्षणभर काय हललं हे बाहेरून कळावं म्हणून एक वस्तू तिच्यासोबत कायम असावी, ही बायरनची कल्पना माहूरच्या पायऱ्यांवर ऐकलेल्या माणसाला नवी नाही. मालिकेतला नवरा मात्र हे सगळं प्रेमापोटी करतो असं स्वतः मानतो. तो तिला मारत नाही, ओरडत नाही. म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रार काय लिहायची, हा हेझलचा खरा पेच आहे.

तोच पेच आपल्या न्यायालयांत दिसतो. नांदेड-लातूरची प्रकरणं ज्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातात, त्यानं ऑक्टोबर २०२२मध्ये नांदेडला नोंदवलेला एक गुन्हा रद्द केला. लग्न झालेल्या बाईला घरातलं काम सांगणं म्हणजे तिला मोलकरणीसारखं वागवणं नव्हे, असं त्यात म्हटलं. कामाची इच्छा नव्हती तर लग्नाआधीच सांगायला हवं होतं, असंही. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४मध्ये, त्याच खंडपीठानं जळगाव जिल्ह्यातल्या एका आत्महत्येच्या जुन्या खटल्यात सासरच्यांची शिक्षा रद्द केली. आरोप असे होते: टीव्ही बघू देत नसत, शेजारी जाऊ देत नसत, एकटीला देवळात जाऊ देत नसत, सतरंजीवर झोपायला लावत, मध्यरात्री पाणी भरायला पाठवत. गावात पाणीच मध्यरात्री येत होतं आणि सगळीच घरं तेव्हा भरत होती, असं साक्षीत निघालं. हे वागणं कलम ४९८-अ खालच्या क्रूरतेच्या तीव्रतेपर्यंत पोचत नाही, असा निष्कर्ष निघाला.

फौजदारी शिक्षेसाठी पुराव्याची पातळी उंच असते, आणि ती असायलाच हवी. पण त्या यादीकडे पुन्हा बघा. टीव्ही, शेजार, देऊळ, झोपायची जागा, पाणी. एकेक वेगळं उचललं तर किरकोळ. एकत्र ठेवलं तर बाईच्या दिवसाचा एकही तुकडा तिचा उरत नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं मानसिक आणि आर्थिक छळालाही हिंसा म्हटलं, आणि त्याखाली संरक्षण मागता येतं. तालुक्याच्या ठिकाणी तो कायदा माहीत असलेली, चोरून फोन करायला जागा असलेली बाई शोधावी लागते, एवढीच अडचण.

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की नवरा-बायकोतलं चोरून ध्वनिमुद्रित केलेलं संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल. मूळ खटला भटिंड्याचा होता. जोडपं एकमेकांवर पाळत ठेवू लागलं असेल तर तो नातं मोडल्याचा परिणाम आहे, त्याचं कारण नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. दोघांच्या हाती सारखा फोन असेल तिथं हे पटण्यासारखं आहे. ज्या घरात फोन एक, कुलूप एक आणि त्याचा आकडा नवऱ्यालाच माहीत, तिथं रेकॉर्डिंग कुणाकडे निघेल हे उघड आहे. त्याच महिन्यात छत्तीसगड उच्च न्यायालयानं नवऱ्याला बायकोच्या मोबाइलचा पासवर्ड मागण्याचा हक्क नाही असं सांगितलं, हे त्यातल्या त्यात मोलाचं.

२०२४च्या जुलैत ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू झाली आणि महिन्याला १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात येऊ लागले. औशाच्या, नायगावच्या, देगलूरच्या बँकांसमोर रांगा लागल्या. रोजगार हमीच्या हजेरीपटानंतर बाईच्या नावावर आलेला हा सगळ्यात मोठा पैसा. कित्येकींनी त्यासाठी पहिल्यांदा खातं उघडलं. सप्टेंबर २०२५मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. संकेतस्थळावर बाईचा आधार क्रमांक टाकायचा, तिच्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. मग पुढच्या रकान्यात नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार क्रमांक, आणि त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी. नवरा सोडून गेलेल्या, नवऱ्याला सोडून आलेल्या बायका सेतू केंद्रांत त्या दुसऱ्या रकान्यापाशी अडल्या. ज्या माणसाला आपण कुठं राहतो हेही कळू नये म्हणून त्या निघून आल्या होत्या, त्यालाच फोन करून ‘आकडा सांग’ म्हणायची वेळ त्यांच्यावर आली.